जुळ्यांमध्ये डावे-उजवे



कल्याणहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या रस्त्यावर आळेफाटा ओलांडला की पुढे बेल्हे हे गाव लागते. जुन्नर तालुक्यातले हे गाव सोमवारच्या बैलबाजारासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. तुमच्यापैकी काही जण आजोबांचे बोट धरून त्या बाजारात गेलेही असाल. तिथे खिल्लार बैलांची एखादी जोडी उभी असते. रंग एक, उंची एक, शिंगांची ठेवण एक. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा! आपल्यासारखा नवखा माणूस लगेच विचारतो, "या दोघांत चांगला कोणता?"

जाणता शेतकरी मात्र असे विचारत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मग विचारतो, "हा कोणत्या अंगाला चालतो?" म्हणजे जुवाला डावीकडे चालायची सवय आहे की उजवीकडे? त्याला नांगरासाठी जोडी हवी असते. जोडीत प्रत्येकाचे काम कोणते, हे कळल्याशिवाय 'चांगला कोणता' या प्रश्नाला अर्थच नसतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

हे शहाणपण बाजारातून शाळेपर्यंत येताना वाटेत कुठे हरवते, कोण जाणे! एखाद्या वर्गात जुळी भावंडे असली की पहिल्या आठवड्यातच प्रश्न सुरू होतो, "दोघींत हुशार कोण?" सहामाहीच्या गुणपत्रिकेत पाच गुणांचा फरक दिसला की एकीच्या कपाळी 'हुशार' असा शिक्का बसतो. दुसरीच्या कपाळी काय बसते, ते सांगायला नकोच. पुढे ती तो शिक्का खराही करून दाखवते. कारण ज्याच्याकडून कोणी काही अपेक्षाच करत नाही, त्याने धडपड तरी कशासाठी करायची?

ही तुलना केवळ निर्दय आहे असे मी म्हणत नाही. ती अशास्त्रीय आहे, असे माझे म्हणणे आहे. ते पटवण्यासाठी मी तुम्हाला एका दूरच्या मैदानावर नेणार आहे. जुळ्यांच्या खेळाची काटेकोर आकडेवारी तिथे लिहून ठेवलेली आहे. आकडे असले की वाद हवेत राहत नाही.

दोन भाऊ, एक संघ

बास्केटबॉल तुम्हाला परिचयाचा असेल. जेम्स नायस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे तो सुरू केला. एका संघाचे पाच खेळाडू मैदानावर असतात. जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर लावलेल्या कड्यातून चेंडू टाकायचा असतो. पाचांपैकी दोघांना 'गार्ड' म्हणतात. नावाचा अर्थ पहारेकरी असला, तरी त्यांचे काम बरेच निराळे असते. एक गार्ड चेंडू टप्पे देत पुढे आणतो, कोण मोकळा आहे ते हेरतो आणि त्याला पास देतो. दुसऱ्या गार्डचे मुख्य काम दुरून नेम धरून टोपली करण्याचे असते. कबड्डीतला कोपरा सांभाळणारा आणि चढाईला जाणारा यांच्या कामांत जसा फरक असतो, तसाच हा.

२०१३ साली अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या संघात दोन नवे गार्ड दाखल झाले. टेक्सासमधून आलेले अँड्र्यू हॅरिसन आणि एरन हॅरिसन. हे दोघे एकसारखे दिसणारे जुळे भाऊ. जन्म २८ ऑक्टोबर १९९४ चा, उंची दोघांचीही साधारण साडेसहा फूट. एका घरात वाढले, एका शाळेत शिकले आणि एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली एकाच संघात दोन वर्षे खेळले. तुलना करणाऱ्याला याहून सोयीची जोडी कुठे मिळणार? प्रयोगशाळेत आपण एक गोष्ट बदलतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो. इथे निसर्गाने आणि परिस्थितीने मिळून बाकीच्या गोष्टी पुष्कळशा तशाच ठेवल्या होत्या. बदलले होते ते मुख्यतः काम. अँड्र्यूकडे चेंडू पुढे आणून वाटण्याचे काम होते, एरनकडे टोपली करण्याचे.

गुणफलक काय सांगतो?

२०१३-१४ च्या हंगामात एरनने दर सामन्यात सरासरी १३.७ गुण केले, अँड्र्यूने १०.९. झाले! एरन श्रेष्ठ. गुणपत्रिका पाहून आपण वर्गात जो निकाल देतो, तोच हा निकाल.

पण थोडे थांबा. ज्या पासवर सहकारी लगेच टोपली करतो, त्या पासचीही नोंद बास्केटबॉलमध्ये ठेवतात. आपण त्याला 'सहाय्यक पास' म्हणू. असे सहाय्यक पास अँड्र्यूने दर सामन्यात सरासरी ४.० दिले, एरनने १.९. आता या पासला किंमत किती द्यायची? कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब करा.

समजा, एका पासला एक गुण दिला. मग एरनचे १३.७ + १.९ = १५.६ आणि अँड्र्यूचे १०.९ + ४.० = १४.९. एरन पुढे.

समजा, पासमुळे निदान दोन गुणांची टोपली होते, म्हणून त्याला दोन गुण दिले. मग एरनचे १३.७ + ३.८ = १७.५ आणि अँड्र्यूचे १०.९ + ८.० = १८.९. आता अँड्र्यू पुढे!

एका पासची किंमत किती धरली म्हणजे दोघे बरोबरीत येतील? गुणांतला फरक २.८, पासमधला फरक २.१. २.८ ला २.१ ने भागा. उत्तर येते सुमारे १.३३. पासची किंमत याहून कमी धरणाऱ्याला एरन मोठा वाटेल, जास्त धरणाऱ्याला अँड्र्यू. दोन्ही भाऊ जागच्या जागी आहेत, त्यांचा खेळ तोच आहे. बदलला तो फक्त आपला मापदंड. म्हणजे विजेता कोण हे मैदानावर ठरले नाही, ते आपण कागदावर ठरवले!

यावर कोणी म्हणेल, "पण पासची खरी किंमत काही तरी असेलच ना?" असेल. परंतु ती कायमची ठरलेली नसते. पास घेणारा नेमबाज असेल तर पासची किंमत वाढते. त्याचा नेम कच्चा असेल तर तोच सुंदर पास वाया जातो आणि त्याची नोंदही होत नाही. म्हणजे अँड्र्यूच्या खात्यावरचे पास काही अंशी त्याच्या सहकाऱ्यांच्या हातांवर अवलंबून होते, आणि एरनच्या खात्यावरचे गुण काही अंशी त्याला चेंडू आणून देणाऱ्यांवर. एकाची कामगिरी दुसऱ्याच्या कामगिरीत गुंतलेली असते. ती चाकूने कापून वेगळी काढता येत नाही.

पुन्हा बैलांच्या जोडीकडे पाहा. जू ही विज्ञानाच्या भाषेत एक तरफ आहे. ते मधोमध बांधले तर दोन्ही बैलांवर सारखी ओढ येते. बांधण्याची जागा थोडी एका अंगाला सरकवली, तर त्या अंगाची भुजा आखूड होते. त्या बैलावर जास्त ओढ येते आणि लांब भुजेच्या बैलावर कमी. बल गुणिले भुजेची लांबी हा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा राहतो, हा नियम तुम्ही पाठ केलेलाच आहे. आता ज्याला जू कुठे बांधले आहे हेच ठाऊक नाही, त्याने शेताच्या बांधावर उभे राहून "डावा बैल कामचुकार आहे" असा निकाल दिला, तर त्याला काय म्हणाल?

शेवटच्या क्षणाचा वीर

मार्च-एप्रिल २०१४ मध्ये विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत एक नवल घडले. लुईव्हिल, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या संघांविरुद्धच्या लागोपाठ तीन सामन्यांत अखेरच्या मिनिटात एरनने दुरून चेंडू टाकला आणि तिन्ही वेळा तो कड्यातून गेला. मिशिगनविरुद्ध त्याने टोपली केली तेव्हा सामना संपायला २.३ सेकंद उरले होते, विस्कॉन्सिनविरुद्ध ५.७ सेकंद. केंटकीने ते सामने ७५-७२ आणि ७४-७३ असे जिंकले. अंतिम सामन्यात मात्र कनेक्टिकटने केंटकीला ६०-५४ असे हरवले. पण तोवर एरनचे नाव सर्वतोमुखी झाले होते. त्याच्या अंगी काही निराळेच रसायन आहे, असे लोक म्हणू लागले.

एरन निधड्या छातीचा खेळाडू होता यात शंका नाही. हजारो प्रेक्षक ओरडत असताना नेम धरायला धैर्य लागतेच. प्रश्न एवढाच आहे की, या तीन टोपल्यांवरून तो अँड्र्यूपेक्षा चांगला नेमबाज ठरतो का?

संपूर्ण हंगामाचे आकडे पाहा. दुरून टाकलेल्या, म्हणजे तीन गुणांच्या शंभर चेंडूंपैकी दोघाही भावांचे साधारण पस्तीसच आत गेले होते. दोघांत जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक होता. पुढच्या वर्षी, २०१४-१५ मध्ये, अँड्र्यूचे शेकडा सुमारे ३८ गेले, तर 'वीर' एरनचे सुमारे ३२. मग काय, आता नेमबाज अँड्र्यू म्हणायचे?

तेही नको. कारण इथे योगायोग नावाचा तिसरा खेळाडू मैदानावर असतो आणि त्याचे नाव फलकावर कधीच लागत नाही. त्याची ओळख करून घ्यायची तर एक फासा घ्या. १ किंवा २ पडले तर टोपली झाली असे समजा. ३ ते ६ पडले तर चेंडू बाहेर. म्हणजे तीनांत एक टोपली. दूरच्या चेंडूंचे प्रमाण साधारण असेच असते. आता तुम्ही १०० वेळा फासा टाका, मित्रालाही १०० वेळा टाकू द्या. दोघांचा फासा तोच, म्हणजे 'नेम' तंतोतंत सारखा. तरीही टोपल्यांची संख्या सारखी येणार नाही. अशा शंभर-शंभरच्या सामन्यांत सहा किंवा त्याहून अधिक टोपल्यांचा फरक दहांपैकी सुमारे चार वेळा पडतो, असे संभाव्यतेचे गणित सांगते. अँड्र्यूचे ३८ आणि एरनचे ३२ यांतला फरक याच जातीचा आहे. दोघांनी त्या हंगामात टाकलेल्या दूरच्या चेंडूंची संख्या फार मोठी नव्हती. तेवढ्यावरून नेमातला फरक सिद्ध होत नाही.

आणि लागोपाठ तीन टोपल्या? फाशाने त्या पडण्याचा संभव तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे सत्तावीसांत एक. फार दुर्मीळ वाटते ना? पण साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाने तीन-तीन वेळा फासा टाकला, तर सरासरीने दोघांना ते जमून जाईल. त्या दोघांना आपण 'फासेवीर' म्हणून हार घालणार का? इतक्या मोठ्या स्पर्धेत इतके खेळाडू शेवटच्या क्षणी चेंडू टाकत असतात, की कोणा एकाचे तीन साधणे हे अजब नव्हे. ज्यांचे चुकले त्यांची नावे आपल्या लक्षात राहत नाहीत, एवढेच.

आणखी एक गोष्ट. विस्कॉन्सिनविरुद्धच्या त्या प्रसिद्ध टोपलीआधी चेंडू कोणी दिला होता? अँड्र्यूने! तो स्वतः कड्याकडे मुसंडी मारून गेला, आपल्याभोवती गर्दी झालेली पाहून त्याने चेंडू बाहेर भावाकडे फेकला. टाळ्या एरनला मिळाल्या. तशा त्या मिळायलाही हव्यात; पण मोजणाऱ्याने पास विसरू नये.

रक्त एक, मग फरक कुठून?

आता विज्ञानाच्या पुस्तकाकडे वळू. जुळी दोन प्रकारची असतात. एकाच फलित बीजाचे सुरुवातीलाच दोन भाग होऊन जी होतात ती एकबीज जुळी. त्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. जगात कुठेही गेलात तरी हजार बाळंतपणांत सुमारे चार एवढे त्यांचे प्रमाण आढळते. दोन वेगवेगळी बीजे एकाच वेळी फलित होऊन होतात ती द्विबीज जुळी. ती इतर भावंडांइतकीच सारखी किंवा वेगळी असतात.

आनुवंशिकता आणि परिस्थिती यांचा वाटा किती, हे जुळ्यांवरून शोधण्याची कल्पना १८७५ साली फ्रान्सिस गॉल्टनने मांडली. कल्पना फलदायी होती, पण त्याची साधने तोकडी होती. लोकांनी पत्रांतून कळवलेल्या माहितीवर त्याची भिस्त होती. तेवढ्यावर 'रक्त श्रेष्ठ' असा निष्कर्ष काढून तो थांबला नाही, तर माणसांची चांगले वंश व वाईट वंश अशी विभागणी करण्याचा विचारही त्याने पुढे नेला. त्या विचाराने विसाव्या शतकात माणसांचे किती हाल केले, ते तुम्ही इतिहासात वाचालच. घाईच्या तुलनेचा शेवट कुठे होऊ शकतो, हे ध्यानात असू द्या.

म्हणून जनुकांचा खेळाशी संबंधच नाही असे म्हणायचे का? मुळीच नाही. १९८४ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी एकबीज जुळ्यांच्या दहा जोड्यांकडून वीस आठवडे दमसासाचा व्यायाम करून घेतल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम सर्वांना सारखा होता, पण शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता काहींची पुष्कळ वाढली, काहींची जवळजवळ वाढलीच नाही. गंमत अशी की, एका जोडीतल्या दोघांची वाढ बरीचशी सारखी होती. फरक होता तो जोडी-जोडीत. म्हणजे व्यायामाला शरीर किती दाद देते, यात जनुकांचा हात आहे.

पण नेमके यावरूनच आमचा मुद्दा बळकट होतो. एकबीज जुळ्यांची जनुके सारखी असतील, तर त्यांच्यात दिसणारा फरक जनुकांमुळे पडलेला असण्याची शक्यता फारच थोडी. तो सरावाने, कामाने, संधीने, दुखापतीने किंवा निव्वळ योगायोगाने पडलेला असतो. एकबीज जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा सारखे नसतात. गर्भाशयातल्या लहानसहान फरकांनी ते बदलतात. दर पाच जोड्यांपैकी साधारण एका जोडीत एक जण उजखुरा, तर दुसरा डावखुरा असतो. असे असताना, "हिच्यात उपजत आहे, तिच्यात नाही" हे वाक्य एकबीज जुळ्यांबद्दल उच्चारणे म्हणजे विज्ञानाच्या तासाला गैरहजर असल्याची कबुली देण्यासारखे आहे!

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हे समजायला अवघड नाही. कांद्याचे एकाच बियाण्याचे रोप दोन वाफ्यांत लावले. एका वाफ्याला पाणी वेळेवर मिळाले, दुसऱ्याच्या पाटाला चर पडल्यामुळे मिळाले नाही. काढणीच्या वेळी दुसऱ्या वाफ्यातला कांदा बारीक निघाला, तर आपण बियाण्याला दोष देतो का? आपण पाट तपासतो.

टॉमचे ९२९ सामने

परिस्थितीचा वाटा किती मोठा असू शकतो, याचे आणखी एक बोलके उदाहरण आहे. डिक आणि टॉम व्हॅन आर्स्‌डेल हे १९४३ साली जन्मलेले एकबीज जुळे भाऊ अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाकडून खेळले. १९६५ साली दोघेही व्यावसायिक खेळात गेले, पण वेगवेगळ्या संघांत. दोघेही बारा वर्षे खेळले. एकूण गुण डिकचे पंधरा हजारांवर, टॉमचे चौदा हजारांवर. दर सामन्याची सरासरी डिकची १६.४, टॉमची १५.३. दोघांच्या गुणवत्तेत याहून अधिक सारखेपणा तो कुठला असणार?

आता यशाकडे पाहा. डिकचा फिनिक्स संघ १९७६ साली अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. टॉम मात्र निरनिराळ्या संघांतून एकूण ९२९ सामने खेळला आणि हंगामानंतरच्या बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. अखेरच्या हंगामात, १९७६-७७ मध्ये, तो भावाच्या फिनिक्स संघात दाखल झाला, तर त्याच वर्षी तो संघ बाद फेरीच्या बाहेर राहिला! 'मोठ्या सामन्यांतील कामगिरी' हा मापदंड लावला, तर टॉमला शून्य गुण मिळतील. पण परीक्षेलाच बसू न दिलेल्या मुलाला नापास ठरवण्यासारखे ते होईल.

हॅरिसन बंधूंचेही पुढे काय झाले पाहा. २०१५ साली व्यावसायिक संघांनी साठ खेळाडूंची निवड केली. त्यात अँड्र्यूचा क्रमांक ४४ वा लागला. शेवटच्या क्षणाचा वीर एरन त्या साठांत नव्हता. पुढे त्या सर्वोच्च व्यावसायिक साखळीत अँड्र्यू शंभराहून अधिक सामने खेळला, एरनला चाळीसही मिळाले नाहीत. २०१४ च्या एप्रिलमध्ये हे भविष्य कोणी वर्तवले असते, तर लोक हसले असते.

मग निवड करायचीच नाही का?

शिक्षक म्हणतील, "हे सारे खरे; पण तालुक्याच्या संघात एकच जागा उरलेली असते. कोणाला तरी निवडावेच लागते." बरोबर आहे. तुलना करूच नका असे मी म्हणत नाही. मापन हा तर विज्ञानाचा पाया आहे. माझे म्हणणे एवढेच की, माप नीट घ्या आणि मापापेक्षा जास्त बोलू नका.

पहिली गोष्ट म्हणजे आधी काम ठरवा. "चांगला कोण?" असे न विचारता "या जागेवर काय हवे?" असे विचारा. तुमच्या संघात नेमबाज तिघे असतील आणि चेंडू वाटणारा एकही नसेल, तर तुम्हाला अँड्र्यू हवा. उलट असेल तर एरन.

दुसरी गोष्ट, अदलाबदल करून पाहा. पंधरा दिवस एकाला एक काम द्या, पुढचे पंधरा दिवस तेच काम दुसऱ्याला द्या. शेतीच्या प्रयोगात वाफे बदलून पाहतात, ते याचसाठी. ज्याला आजवर एकच काम मिळाले, त्याला दुसरे जमत नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तिसरी गोष्ट, पुष्कळ वेळा मोजा. एका सामन्यावरून किंवा एका चाचणीवरून निकाल देऊ नका. प्रयोगवहीत तीन निरीक्षणांची सरासरी काढायला आपण शिकवतो, मग माणसाच्या बाबतीत एकच निरीक्षण पुरेसे कसे?

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निवड सांगताना जागेबद्दल बोला, माणसाबद्दल नको. "या वेळी या जागेसाठी तुझ्या बहिणीला घेतले आहे" हे वाक्य एक आणि "तुझ्यापेक्षा तुझी बहीण सरस" हे वाक्य दुसरे. पहिले वाक्य आपल्या मापाने सिद्ध होते. दुसरे होत नाही. पहिले ऐकणारी मुलगी उद्या पुन्हा मैदानावर येते. दुसरे ऐकणारी येईलच याची खात्री कोण देणार?

आणि मित्रांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. जुळे भावंड नसलेल्यांनाही ही तुलना सुटलेली नाही. मोठा भाऊ, चुलत बहीण, शेजारचा मुलगा, कोणी ना कोणी आपल्या जुवाला जोडलेले असतेच. पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "तो बघ आणि तू बघ," तर रागावू नका. वहीत तीन प्रश्न लिहा. दोघांचे काम सारखे होते का? मोजमाप किती वेळा झाले? कशाला किती किंमत द्यायची, हे कोणी ठरवले? या तिन्हींची उत्तरे मिळाली आणि तरीही फरक उरला, तर तो मोकळ्या मनाने मान्य करा आणि सरावाला लागा. उत्तरे मिळाली नाहीत, तर तो फरक अजून सिद्ध झालेला नाही, असे नम्रपणे सांगा.

येत्या सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात जाणे झाले, तर बैल पारखणाऱ्या एखाद्या वयस्कर शेतकऱ्याजवळ घटकाभर उभे राहा आणि तो काय-काय तपासतो, ते टिपून घ्या. घरी येऊन फाशाचा प्रयोग करा, दोघांचे आकडे शेजारी-शेजारी लिहा आणि ती वही वर्गात गुरुजींना दाखवा. एकाच फाशाने दोघांना वेगवेगळे गुण मिळालेले पाहिल्यावर, सारख्या दिसणाऱ्या दोन मुलांमध्ये डावे-उजवे करताना वर्गातला प्रत्येक जण क्षणभर तरी थांबेल, असे मला वाटते.